पंचवीस मेच्या चौकटीत काय छापावे?

आजच्या ‘दिनविशेष’ची चौकट न पाहताही तिच्यात काय असेल ते सांगता येते. १८८६ साली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांचा जन्म. १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याचा बेत आपल्या संसदेपुढे मांडला. २००५ साली अभिनेते सुनील दत्त यांचे निधन. शिवाय आज जागतिक थायरॉइड दिन. चहा निवायच्या आत वाचून होणारी ही चौकट मला आवडते आणि ती आवडणारा मी काही एकटा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तिची सवय शाळेच्या परिपाठात लागली. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग कुणीतरी थरथरत्या आवाजात वाचलेला दिनविशेष. पंचवीस मेच्या नशिबी तेही नाही, कारण तेव्हा शाळांना सुट्टी असते.

पण जळगावकरांसाठी या तारखेला एक गोष्ट दरवर्षी नव्याने घडते, आणि ती पाहायला पुस्तक लागत नाही. दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास सूर्य शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. अंगणात उभी ठेवलेली पाण्याची बाटली, विजेचा खांब, रस्त्याने चाललेला माणूस, सगळ्यांची सावली पायाखाली गडप होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य २१ जूनला साडेतेवीस अंशांवरच्या कर्कवृत्तापर्यंत जातो आणि परत फिरतो. जाताना तो आपल्याला २५ मेच्या सुमारास भेटतो, येताना १८ जुलैच्या सुमारास. चाळीसगावला ही भेट दोन दिवस आधी होते, नंदुरबारला दोन दिवस नंतर. दिल्लीला ती कधीच होत नाही. बाराच्या ठोक्याला न होता पंचवीस मिनिटे उशिरा होते, कारण आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ दाखवतात आणि सूर्याला तिथून जळगावपर्यंत यायला तेवढा वेळ लागतो.

ही खगोलशास्त्रातली गंमत म्हणून मुलांना दाखवण्यासारखी आहेच, पण आरोग्याच्या सदरात तिचे काम वेगळे आहे. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा भिंत सावली देत नाही. डिसेंबरात दुकानांच्या रांगेच्या उत्तरेला भर दुपारीही गारवा असतो. मेच्या मध्यापासून तो आसरा संपतो. भर दुपारी उपयोगाचे उरते ते फक्त डोक्यावरचे छप्पर किंवा डोक्यावरचे झाड. जिथे रस्ता रुंद करताना कडुनिंब गेले आणि थांब्यावर पत्रा आला नाही, तिथे या दिवसांत बसची वाट पाहणाऱ्या बाईला उभे राहायला जागाच नसते. केळीच्या बागेला गरम वारा झोंबू नये म्हणून आपला शेतकरी कडेने शेवरी लावतो, बांधावर आडोसा करतो. ही अक्कल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. ती आपण माणसांसाठी वापरत नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट तापमानाच्या आकड्याची. उद्याच्या अंकात आजचे कमाल तापमान छापून येईल, समजा ४४ अंश. हा आकडा सावलीतला असतो. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडू देत नाहीत, वारा मात्र खेळू देतात. शास्त्राच्या दृष्टीने हेच बरोबर आहे, नाहीतर दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत. पण केळीचे घड कापणारा, डांबर ओतणारा, गॅसची टाकी सायकलवरून नेणारा माणूस त्या पेटीत राहत नाही. त्याच्या अंगावर थेट ऊन पडते, खालून तापलेली जमीन उष्णता फेकते आणि काम करताना त्याचे स्वतःचे स्नायू उष्णता तयार करतात ते वेगळेच. छापलेला ४४ चा आकडा खोटा नाही, पण तो त्या माणसाचा नाही.

शिवाय ४४ ला आपल्याकडे ‘लाट’ म्हणतीलच असे नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेले की उष्णतेची लाट धरतात, किंवा सरासरी काहीही असो, ४५ गाठले की धरतात. ४७ गाठले तर तीव्र लाट. जळगावची मेमधली सरासरीच बेचाळीसच्या आसपास असते. म्हणजे जो आकडा पुण्यात पहिल्या पानावर येईल, तो इथे नेहमीचा दिवस ठरतो. याला शरीरशास्त्राचा थोडा आधारही आहे. उन्हाची सवय होते. रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम केल्यावर एक ते दोन आठवड्यांत शरीर लवकर घाम आणू लागते, घामातून मीठ कमी टाकते, हृदयावरचा ताण घटतो. म्हणून खरा धोका केवळ मेच्या कडाक्यात नसतो. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या तापलेल्या आठवड्यात, आजारातून उठून कामावर परतलेल्याला, बाहेरगावाहून आलेल्याला तो जास्त असतो. खानदेशात सालदाराचे साल आखाजीपासून मोजतात. नवा गडी नव्या शेतात रुजू होतो तो नेमका वर्षातल्या कडक उन्हात. पूर्वजांच्या नावाने घागर भरण्याचा तोच सण आहे. पहिले पंधरा दिवस त्या गड्याच्या हाताशी भरलेली घागर आणि दुपारची तीन तास सुट्टी असेल, तर पूर्वज रागावणार नाहीत.

सवयीलाही मर्यादा आहे. आपल्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की शरीराची उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेची शरीरात येऊ लागते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणे. त्यासाठी अंगात पाणी हवे आणि हवेत कोरडेपणा हवा. मेअखेरीस वळवाआधीची दमट हवा आली की तापमान दोन अंशांनी उतरूनही जीव जास्त कासावीस होतो तो यामुळेच. अशा वेळी पत्र्याच्या घरात रात्रही तापलेली राहते आणि दिवसभर थकलेल्या शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. बोलताना अडखळणे, असंबद्ध बडबड, चालताना तोल जाणे ही ‘ऊन लागल्या’ची धोक्याची खूण आहे, मग अंगाला घाम असो वा नसो. त्या माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करून भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि मानेला बर्फ लावावा. गाडी येईपर्यंत थांबू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. आणि खिशातला कांदा खिशात ठेवून काही करत नाही. जेवताना खाल्ला तर निदान चव येते.

तारखांच्या बाबतीत आपल्याकडे माहितीचा दुष्काळ नाही, उलट पूर आहे. आजपासून नवतपा सुरू होतो, हे एव्हाना आपल्या फोनवर येऊन गेले असेल. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हापासूनचे नऊ दिवस सगळ्यात तापतात, ते चांगले तापले की पाऊस चांगला होतो, असा हा समज. त्यात निरीक्षणाचा अंश नक्की आहे. आमच्याकडे सूर्य माथ्यावर येण्याची तारीख आणि रोहिणीची तारीख जवळजवळ एकच पडते, आणि रोहिणी, मृग यांच्या हिशेबानेच इथला शेतकरी पेरणीचे बघतो. केळीच्या लागवडीलाही आपण मृगबागच म्हणतो. पण नक्षत्र पाळी चुकवत नाही, हवामान चुकवते. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोहोचला होता, म्हणजे नवतप्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि सूर्य डोक्यावर असणे एवढेच उन्हाळ्याचे कारण असते, तर १८ जुलैलाही आपण असेच भाजलो असतो. तेव्हा ढग असतात, जमीन ओली असते.

याच्या जोडीला येतात ते शुद्ध थापांचे निरोप. मार्चमध्ये ‘इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस बाहेर पडू नका’, आणि पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्यामुळे ऑगस्टपर्यंत थंडी-खोकला वाढेल, वगैरे. विषुवदिन वर्षातून दोनदा येतो आणि कुणाला न दुखवता जातो. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दरवर्षी. तारीख, शास्त्रीय वाटणारा शब्द आणि भीती या तिघांची मोट बांधली की निरोप गावभर फिरतो. खरी स्थानिक तारीख मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

जागतिक दिनांचे थोडे वेगळे आहे. ते खोटे नसतात, पण दुसऱ्याच्या घड्याळावर चालतात. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उष्णतेबद्दलच्या जागृतीसाठी २ जून ही तारीख धरली आहे. युरोपात तेव्हा उन्हाळा नुकता लागतो. आपल्याकडे तोवर त्याचे काम उरकत आलेले असते. जागतिक हिवताप दिन २५ एप्रिलला. तेव्हा आपली डबकी कोरडी ठाक असतात, म्हणून फेरी काढायला सोपे जाते हे खरे. त्यापेक्षा २० ऑगस्टचा डास दिन आपल्या पावसाळ्याला अधिक जुळतो. १८९७ साली त्या तारखेला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. उलट १६ मेचा राष्ट्रीय डेंग्यू दिन मात्र, कुणाच्या मनात असो वा नसो, जळगावला चपखल बसतो, कारण तेव्हा घरोघरच्या कूलरच्या टाकीत डेंग्यूच्या डासाची पैदास जोरात असते. १९ जूनच्या सिकलसेल दिनाचे फलक जिल्ह्याच्या गावी लागतात. तपासणीची गरज चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर असते, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या वाटा चिखलाच्या होऊ लागतात. दिन पाळू नयेत असे मी म्हणत नाही. पण तारीख आपल्या गावच्या कोणत्या गोष्टीला टेकली आहे, हा प्रश्न फलक छापण्याआधी विचारायला हरकत नाही.

गावाला टेकलेली तारीख कशी असते, याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख सापडला. तो १८६५ साली प्रकाशात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, जे मुळात वैद्यकी करणारे डॉक्टर होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्याला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिले, ही त्यातली हकिकत. दानाची वेळ दिली आहे ती अशी : प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. आजच्या कालगणनेत ती तारीख ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणाचा उल्लेख असल्यामुळे आठशे वर्षांनंतरही कुणीही कागद-पेन्सिल घेऊन मागे मोजत जावे आणि त्या रात्री पौर्णिमा होती, चंद्र राहूकेतूच्या म्हणजे ग्रहणाच्या जागी होता, हे ताडून पाहावे. मी पाहिले, जुळते. त्या तारखेला कोरणाऱ्याने एक निरीक्षण जोडून ठेवले, म्हणून ती तारीख साक्ष देते. त्याच लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा वाटा आणि चालत्या घाण्यांमागे पळीभर तेल मठाला द्यायचे ठरले आहे. गणित शिकवण्याचा खर्च पाटणच्या व्यापाऱ्यांनी आणि तेल्यांनी वाटून उचलला होता.

आता अहमदाबादकडे वळतो, कारण तारखेपुढे काय लिहावे हे अलीकडच्या काळात त्या शहराने दाखवले. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात असे निदान लिहिलेले मृत्यू थोडे होते. मग संशोधकांनी महापालिकेचे जन्म-मृत्यू नोंदणीचे दप्तर घेतले आणि कारण न विचारता त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले. ते ४,४६२ भरले. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मेची सरासरी ३,११८ होती. १,३४४ माणसे जास्तीची गेली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दाखल्यावर ऊन हा शब्द नव्हता. हृदयविकार, मूत्रपिंड निकामी, वार्धक्य, असेच काही लिहिलेले असणार. ऊन आडून मारते. त्या हिशेबावरून २०१३ साली अहमदाबादने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. इशारा कोणत्या आकड्याला द्यायचा हे त्यांनी आपल्या शहरातल्या मृत्यूंवरून ठरवले. नागपूरने २०१६ मध्ये तोच रस्ता धरला.

जळगावने उन्हाची दखल घेतलीच नाही असे नाही. २०२४ च्या मेअखेरीस इथे आणि अकोल्यात उष्णतेमुळे चक्क कलम १४४ लावले गेले. दंगलीसाठी असलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले, यातच सगळे आले. मजुरांना भर उन्हात राबवू नये हा हेतू चांगला होता. पण असा आदेश कोणत्या तापमानाला काढायचा, ४३ ला की ४५ ला, दिवसाचे तापमान पाहून की रात्रीचे, हे ठरवायला आपल्या शहराचा स्वतःचा हिशेब हवा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. या वर्तमानपत्राने, किंवा कोणत्याही, दिनविशेषाच्या चौकटीत रासबिहारी बोसांच्या खाली एक ओळ गावची घालावी. त्या तारखेला गेल्या वर्षी जळगावचे कमाल आणि किमान तापमान किती होते, आणि त्या आठवड्यात शहरात एकूण किती मृत्यू नोंदले गेले, नेहमीच्या मानाने किती कमी-जास्त. पहिले दोन आकडे वेधशाळेकडे आहेत. तिसरा महापालिकेच्या दप्तरात पडून आहे. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद बंधनकारक आहे, आणि २०२३ पासूनच्या दुरुस्तीने ती संगणकावरही घ्यायची आहे. नवे काही गोळा करायचे नाही, फक्त तारखेप्रमाणे मांडायचे आहे.

यात अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, त्यामुळे कालचा आकडा आज मिळणार नाही. मृत्यू जिथे झाला तिथे नोंदला जातो, म्हणजे जामनेरहून जळगावच्या दवाखान्यात आणलेला माणूस जळगावच्या खात्यात पडतो, आणि पाड्यावर गेलेल्या म्हातारीची नोंद ग्रामपंचायतीत झाली तर झाली. शिवाय २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहर साडेचार लाखांच्या थोडे वर. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर दिवसाला सात-आठ. असा लहान आकडा रोज उड्या मारतो, एका दिवसात चार झाले काय आणि बारा झाले काय, त्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून आठवड्याची बेरीज हवी आणि मागच्या पाच-सात वर्षांची सरासरी शेजारी हवी. हे काम विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला एका सत्रात करता येईल.

मृत्यूचे आकडे रोज छापले तर लोक घाबरतील, असेही कोणी म्हणेल. कोविडच्या दोन वर्षांत आपण हेच आकडे सकाळी चहाबरोबर वाचत होतो. भीती आकड्यांनी वाढली नव्हती, आकड्यांवर विश्वास बसेनासा झाला तेव्हा वाढली होती.

आज दुपारी ज्यांना जमेल त्यांनी १२ वाजून २० मिनिटांनी अंगणात किंवा गच्चीवर एक सरळ उभी वस्तू ठेवावी, डोक्यावर रुमाल घ्यावा, पाच-सात मिनिटे पाहावे आणि लगेच आत यावे. सूर्याकडे बघू नये. सावली नाहीशी झाल्याची वेळ आणि घरातले तापमान एका वहीत लिहून ठेवावे. पुढची शून्य सावली १८ जुलैच्या सुमारास आहे. तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असेल आणि बाटलीची सावली दिसणार नाही. मे महिन्याच्या मृत्यूंच्या नोंदणीची मुदत मात्र तोवर संपलेली असेल, आणि आकडे मागायला तो दिवस बरा आहे.